इतिहास-नकार आणि विश्वासार्हतेचे निकष

१

आउशवित्झच्या छळछावणीत माणसे मारण्यासाठी विषारी वायूच्या कोठड्या नव्हत्याच, असे प्रतिपादन करणारा एक लेख २९ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसच्या 'ल मोंद' या दैनिकात प्रसिद्ध झाला. लेखक रोबेर फोरिसाँ हे इतिहासकार नव्हते. ल्यों येथील विद्यापीठात ते साहित्याचे अध्यापन करीत आणि संहितांची व दस्तऐवजांची चिकित्सा हे आपले क्षेत्र असल्याचे सांगत. १९६१ साली त्यांनी रँबोच्या स्वरांवरील प्रसिद्ध सुनीताचा एक लैंगिक अर्थ मांडला होता आणि तोच त्या कवितेचा एकमेव अर्थ असल्याचा दावा केला होता. पुढे लोत्रेआमाँवरही त्यांनी याच पद्धतीने लिहिले. ज्याला नंतर इतिहास-नकाराचा प्रमुख पुरस्कर्ता म्हणून ओळखले गेले तो मनुष्य आपल्याच व्यवसायातला, म्हणजे साहित्यसमीक्षेतला होता. ही गोष्ट समीक्षेच्या अभ्यासकांना अस्वस्थ करणारी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

प्रस्तुत लेखात ज्यूंचा वंशसंहार झाला की नाही, या प्रश्नाची चर्चा करावयाची नाही. तो प्रश्न अभ्यासाच्या दृष्टीने खुला नाही. येथे विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे : असा नकार पसरविणाऱ्या गटांची विश्वासार्हता आपण कोणत्या निकषांवर ठरवतो? ते जहाल उजव्या राजकारणाशी बांधलेले आहेत एवढे म्हणणे पुरेसे आहे काय? नसेल, तर त्यांच्या लेखनातच असे काय आहे की ज्यामुळे ते इतिहासलेखन या संज्ञेला पात्र ठरत नाही?

आरंभीच संज्ञेचा घोळ दूर केला पाहिजे. हे गट स्वतःला 'पुनरीक्षणवादी' म्हणवतात. प्रस्थापित मताचे पुनरीक्षण हे तर इतिहाससंशोधनाचे नित्यकर्मच आहे. तेव्हा या नावाने नकाराला आयतीच प्रतिष्ठा मिळते. फ्रेंच इतिहासकार आंरी रुसो यांनी १९८७ साली या प्रवृत्तीसाठी 'नकारवाद' या अर्थाचा निराळा शब्द वापरला, तो याच कारणासाठी. नाव बदलल्याने वाद संपत नाही हे खरे. परंतु पुनरीक्षण आणि नकार यांतील भेद नेमका कोठे आहे, हे दाखविण्याची जबाबदारी मात्र त्यामुळे आपल्यावर येते.

२

नकाराला संस्थात्मक रूप कसे येते याचे ठळक उदाहरण म्हणजे १९७८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली 'इन्स्टिट्यूट फॉर हिस्टॉरिकल रिव्ह्यू' ही संस्था. नाव संशोधनसंस्थेचे. १९८० पासून तिचे नियतकालिक निघू लागले. त्यात तळटीपा होत्या, ग्रंथपरीक्षणे होती. परिषदा भरत होत्या, निबंध वाचले जात होते. संस्थेच्या उभारणीमागे विलिस कार्टो होते. अमेरिकेतील अतिउजव्या, ज्यूद्वेष्ट्या राजकारणात त्यांनी त्यापूर्वी अनेक वर्षे घालवली होती.

विद्वत्तेची सर्व बाह्यांगे येथे उपस्थित आहेत. नाही ती फक्त विद्वत्तेची शिस्त. नियतकालिकाचे सारे अंक नकाराच्या एकाच निष्कर्षाकडे जातात, आणि आपल्याच मांडणीतील ढोबळ चुका दाखविणारे अंतर्गत टीकेचे अंग त्यांना नाही. तळटीप हे वाचकाला दिलेले तपासणीचे निमंत्रण असते. येथे ती वाचकाने तपासणी करू नये यासाठी उभारलेली तटबंदी आहे.

संस्थेने १९७९ साली एक बक्षीस जाहीर केले : आउशवित्झमध्ये ज्यूंना वायूच्या कोठडीत मारले गेले हे जो सिद्ध करील त्याला ५०,००० डॉलर. या आव्हानाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. पुरावा कोणता ग्राह्य, हे ठरविणारी संस्था. न्यायनिवाडा करणारीही तीच. आणि कोणी पुढे आले नाही तर त्या मौनाचा अर्थ लावण्याचा अधिकारही तिचाच. मेल मर्मेलस्टाईन या वाचलेल्या गृहस्थांनी मात्र हे आव्हान स्वीकारले. १९४४ साली त्यांची आई आणि बहिणी आउशवित्झमध्ये मारल्या गेल्या होत्या. संस्थेने टाळाटाळ केल्यावर त्यांनी दावा दाखल केला. ९ ऑक्टोबर १९८१ रोजी लॉस एंजलिसच्या न्यायालयाने, १९४४ च्या उन्हाळ्यात आउशवित्झमध्ये ज्यूंना वायूने मारले गेले ही गोष्ट वेगळ्या पुराव्याची गरज नसलेली वस्तुस्थिती म्हणून मान्य केली. १९८५ च्या तडजोडीत संस्थेला ९०,००० डॉलर द्यावे लागले आणि क्षमाही मागावी लागली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. लेखकाचा हेतू दूषित आहे एवढ्यावरून त्याचे विधान खोटे ठरत नाही. ज्यूद्वेष्ट्या मनुष्यानेही एखादा कागद बरोबर वाचला असण्याची शक्यता तत्त्वतः राहतेच. राजकीय वंशावळ सांगणे म्हणजे तपासणीला कारण देणे होय. तपासणी त्याने पूर्ण होत नाही. तेव्हा प्रत्यक्ष वाचनाकडे वळणे भाग आहे.

३

म्युन्स्टर विद्यापीठातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक योहान पाउल क्रेमर हे एस. एस. संघटनेचे डॉक्टर म्हणून १९४२ च्या ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत आउशवित्झमध्ये होते. त्यांची दैनंदिनी उपलब्ध आहे. छावणीत आल्यावर दोनतीन दिवसांतच, २ सप्टेंबरला पहाटे ते प्रथमच एका 'विशेष कारवाई'ला हजर राहिले. त्या दृश्यापुढे दांतेचे नरकवर्णनही आपल्याला जवळजवळ सुखान्त नाटकासारखे वाटले, असे त्यांनी नोंदविले आहे. ही छावणी संहाराची छावणी म्हणून ओळखली जाते ते उगीच नव्हे, असेही लिहिले आहे. अशा कारवायांत भाग घेणाऱ्या सैनिकांना दारू, सिगारेटी, सॉसेज आणि पाव यांचा जादा शिधा मिळे, म्हणून तेथे जाण्यासाठी चढाओढ असे, हीही नोंद तेथेच आहे.

फोरिसाँ यांनी या नोंदींचा अर्थ असा लावला की, हे सारे टायफसच्या साथीविषयी आहे. 'विशेष कारवाई' म्हणजे आजाऱ्यांना निरोग्यांपासून वेगळे काढणे, आणि 'संहार' म्हणजे साथीने झालेला संहार. छावणीत टायफसची साथ होती हे खरेच आहे. त्यामुळे हा अर्थ प्रथमदर्शनी अगदीच अशक्य वाटत नाही. प्येर विदाल-नाके यांनी १९८० साली त्याला जे उत्तर दिले, ते संहितावाचनाचा वस्तुपाठ म्हणून अभ्यासण्यासारखे आहे. विदाल-नाके हे मूळचे प्राचीन ग्रीसचे इतिहासकार. त्यांचे आईवडील आउशवित्झमध्ये मारले गेले होते. त्यांनी आपल्या शोकाचा आधार घेतला नाही. दैनंदिनी पुन्हा वाचली.

क्रेमर यांना टायफसविषयी लिहावयाचे असते तेव्हा ते त्या रोगाचे नाव सरळ लिहितात. स्वतःला टोचून घेतलेल्या लशीचीही नोंद करतात. मग त्याच रोगासाठी दुसरीकडे सांकेतिक शब्द कशाला? 'विशेष कारवाया' अनेकदा बाहेरून, उदाहरणार्थ हॉलंडहून, नुकत्याच आलेल्या गाड्यांच्या संदर्भात येतात. छावणीतल्या साथीशी त्या प्रवाशांचा अद्याप संबंध आलेला नव्हता. रोग्यांची निवड करण्यासाठी जादा दारूचा शिधा का लागावा, याचाही उलगडा होत नाही. शेवटी, क्रेमर यांनी स्वतःच १९४७ साली क्राकूव येथील खटल्यात या नोंदींचा अर्थ सांगितला : विशेष कारवाई म्हणजे वायूने मारणे. फोरिसाँ यांच्या मते ही साक्ष दबावाखालची. परंतु क्रेमर जर्मनीत परतल्यावर, पोलिश तुरुंगाची भीती उरली नसताना, फ्रँकफुर्टच्या खटल्यातही त्यांनी ती फिरविली नाही.

यातून वाचनाचा एक साधा निकष हाती लागतो. जो अर्थ एका शब्दापुरता बसतो, परंतु त्या शब्दाच्या इतर सर्व प्रयोगांत, त्याच लेखकाच्या नित्य भाषेत आणि त्याच्या नंतरच्या स्पष्टीकरणात बसत नाही, तो अर्थ टिकत नाही. ही शिस्त आपण कवितेच्या अर्थनिर्णयातही पाळतो.

मारेकऱ्यांची भाषाच मुळात झाकणारी होती, ही गोष्टही येथे ध्यानात घेतली पाहिजे. १९४३ च्या आरंभी संख्याशास्त्रज्ञ रिखार्ड कोर्हेर यांनी युरोपातील ज्यूंविषयीचा एक अहवाल हिमलरला सादर केला. त्यातील 'विशेष वागणूक' हा शब्दही हिमलरला नको होता. तो काढून, ज्यूंना छावण्यांमधून पूर्वेकडे 'पुढे पाठविले' अशा अर्थाची शब्दयोजना करावी, असे त्याने कळविले. त्या ठिकाणचा आकडा मात्र तसाच राहिला : १२,७४,१६६. नेमका हाच आकडा ११ जानेवारी १९४३ च्या एका जर्मन बिनतारी संदेशात आहे. ब्रिटिशांनी तो युद्धकाळातच पकडून उलगडला होता. परंतु त्याचे महत्त्व तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि अभ्यासकांनी तो २००१ साली प्रकाशित केला. एकच आकडा दोन शत्रुराष्ट्रांच्या दप्तरांत, दोन निराळ्या वाटांनी जतन झाला. कागद युद्धानंतर बनविले गेले या आक्षेपाला येथे जागा उरत नाही. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या संपादकांनी, उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील वाचना परस्परांपासून स्वतंत्र असता जेथे जुळतात तेथे पाठ जुना मानावा, हे तत्त्व स्वीकारले होते. इतिहासाच्या साधनांनाही मूलतः तेच लागू पडते.

४

डेव्हिड अर्व्हिंग यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. दस्तऐवज शोधून काढणारा कष्टाळू लेखक म्हणून त्यांचा काही काळ लौकिक होता. डेबोरा लिपस्टाट यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात त्यांना नकारवाद्यांत गणल्यावर त्यांनी १९९६ साली लंडनमध्ये लिपस्टाट आणि पेंग्विन प्रकाशन यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. इंग्लिश कायद्याप्रमाणे आपले विधान खरे असल्याचे सिद्ध करण्याचा भार प्रतिवादींवर होता. बचावपक्षाने वाचलेल्यांपैकी एकालाही साक्षीस बोलावले नाही. त्यांच्या दुःखाची उलटतपासणी होऊ द्यावयाची नाही आणि सारा भर दस्तऐवजांवर ठेवावयाचा, असे ठरले होते. केंब्रिजचे इतिहासकार रिचर्ड एव्हान्स यांनी दोन साहाय्यकांसह सुमारे दोन वर्षे अर्व्हिंग यांच्या तळटीपा एकेक करून मूळ साधनांशी ताडून पाहिल्या.

त्यातून निघालेली दोन उदाहरणे पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला विशेष उद्‌बोधक वाटतील. १ डिसेंबर १९४१ च्या हिमलरच्या हस्तलिखित दूरध्वनी-टिपणात, एस. एस. च्या प्रशासकीय अधिकाऱ्यांनी 'राहावयाचे आहे', अशा अर्थाची नोंद आहे. तेथील 'हाबेन' हे साधे क्रियापद अर्व्हिंग यांनी 'यूडेन', म्हणजे 'ज्यू', असे वाचले आणि ज्यूंना आहेत तेथेच राहू द्यावे असा आदेश निघाल्याचे लिहिले. आदल्या दिवशीच्या टिपणात बर्लिनहून निघालेल्या एका गाडीतील ज्यूंची हत्या करू नये, असे आहे. त्यावरून, हिटलरने ज्यूंच्या हत्येलाच मनाई केली होती, असा निष्कर्ष त्यांनी १९७७ च्या ग्रंथात काढला होता. एका गाडीपुरता असलेला अपवादच नियमाची साक्ष देतो. शिवाय त्या गाडीतील सुमारे हजार माणसांना रिगाजवळ त्याच सकाळी गोळ्या घालून झाल्या होत्या.

दुसरे उदाहरण ड्रेस्डेनचे. फेब्रुवारी १९४५ च्या बाँबहल्ल्यातील मृतांचा आकडा सांगणारा एक पोलिसी आदेश अर्व्हिंग यांनी आधाराला घेतला. तो मूळ कागद नव्हता. नकलेची नक्कल होती. तीत २,०२,०४० मृत आणि अखेरचा अंदाज २,५०,००० असे आकडे होते. पुढे अस्सल आदेश सापडला तेव्हा त्यात २०,२०४ आणि २५,००० हे आकडे निघाले. प्रत्येक आकड्यापुढे एकेक शून्य कोणी तरी वाढविले होते. १९६६ साली अर्व्हिंग यांनी लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून नव्या पुराव्याची दखल घेतली. परंतु फुगविलेल्या आकड्यांचा मोह त्यांना पुढेही सुटला नाही. ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या मंडळाने २०१० साली मृतांची संख्या जास्तीत जास्त २५,००० असल्याचे निश्चित केले. प्रक्षेप ओळखण्याचे जे नियम आपण पोथ्यांना लावतो, त्यांतला पहिलाच नियम येथे धाब्यावर बसविला होता : प्रत कोणाच्या हातून, कोठून आली, हे आधी पाहावे.

चुका कोणत्या इतिहासकाराच्या होत नाहीत? हस्ताक्षर वाचण्यात चूक झाली, असेच अर्व्हिंग यांचे म्हणणे होते. परंतु निष्काळजीपणाच्या चुका विखुरतात. काही एका बाजूला पडतात, काही दुसऱ्या. अर्व्हिंग यांच्या चुका मात्र सातत्याने एकाच दिशेला, हिटलरला दोषमुक्त करण्याकडे, झुकलेल्या आढळल्या. ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांनी दिलेल्या निकालाचा कणा हाच आहे. आपल्या विचारसरणीसाठी अर्व्हिंग यांनी पुराव्याचा विपर्यास हेतुपुरस्सर केला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हेतूचे अनुमान येथे लेखकाच्या राजकारणावरून लेखनाकडे गेलेले नाही. चुकांच्या आकृतिबंधावरून ते हेतूकडे आले आहे. विश्वासार्हतेच्या तपासणीचा हा क्रम महत्त्वाचा आहे.

५

खरे पुनरीक्षण कसे असते? आउशवित्झमध्ये चाळीस लाख लोक मारले गेले, असा आकडा युद्धानंतर सोव्हिएत आयोगाने दिला आणि बिर्केनाऊच्या स्मारकावर तो कोरला गेला. छावणीच्या संग्रहालयातीलच इतिहासकार फ्रान्चिशेक पिपर यांनी गाड्यांच्या आणि कैद्यांच्या नोंदी तपासून सुमारे ११ लाख हा आकडा काढला. त्यांपैकी सुमारे १० लाख ज्यू होते. १९९० साली जुने शिलालेख काढण्यात आले.

नकारवादी या बदलाचा वारंवार उपयोग करतात : तीस लाख वजा झाले, तर साठ लाख कायम कसे? हा युक्तिवाद वजाबाकीचा आहे, इतिहासाचा नाही. राउल हिलबर्ग यांनी १९६१ सालीच आउशवित्झमधील ज्यू मृतांचा अंदाज सुमारे दहा लाख असा दिला होता. एकूण संहाराचा हिशेब सोव्हिएत आकड्यावर कधीच उभा नव्हता. प्रचाराने फुगविलेला आकडा कमी करण्याचे काम ज्यांनी केले ते बळींच्या स्मृतीचेच जतन करणारे संशोधक होते. पुनरीक्षण नवा पुरावा आला की आपला आधीचा निष्कर्ष सोडते. नकार पुरावा सोडतो आणि निष्कर्ष धरून ठेवतो.

६

आता आपल्या क्षेत्राकडे वळू. इतिहास हाही कथनाचाच एक प्रकार आहे, घटनांना अर्थ देणारी रचना ही इतिहासकाराची निवड असते, ही हेडन व्हाइट यांची १९७३ पासूनची भूमिका परिचित आहे. लिपस्टाट यांच्यासह अनेकांनी असा आक्षेप घेतला की, संहितेला स्थिर अर्थ नाही असे मानणाऱ्या सिद्धान्तांनी नकारवादाला पोषक वातावरण निर्माण केले. १९९० साली लॉस एंजलिस येथील परिषदेत हा वाद समोरासमोर झाला. सॉल फ्रिडलेंडर यांनी संपादिलेला त्या परिषदेचा ग्रंथ १९९२ साली आला. एकाकी साक्षीदाराच्या शब्दालाही बाह्य वास्तवाचा संबंध असतो, तो कथनशास्त्रात विरघळवता येत नाही, हा कार्लो गिन्झबर्ग यांचा प्रतिवाद त्यातच आहे.

आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. 'प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते' ही सैल समजूत नकारवाद्यांना सोयीची असते, यात शंका नाही. परंतु त्यांची स्वतःची वाचनपद्धती अनेकार्थतेची मुळीच नाही. रँबोच्या सुनीताला एकच अर्थ आहे असे मानणारे फोरिसाँ अर्थबहुलतेचे शत्रूच होते. त्यांचा आव कठोर प्रत्यक्षप्रमाणवाद्याचा. त्यांची खरी खूण संशयाच्या विषम वाटणीत दिसते. शेकडो साक्षी, कबुल्या, गाड्यांची वेळापत्रके यांच्याविषयी अमर्याद संशय. आणि फ्रेड लॉइख्टर यांनी १९८८ साली आउशवित्झच्या भिंतींतून परवानगीवाचून खरवडून आणलेल्या नमुन्यांवर मात्र संपूर्ण विश्वास. लॉइख्टर अभियंते नसल्याचे टोरांटोच्या न्यायालयात उघड झाले. सायनाइड भिंतीच्या अगदी वरच्या थरातच राहते आणि जाड नमुने कुटून तपासल्यास त्याचे प्रमाण नगण्य दिसते, हे त्या नमुन्यांचे पृथक्करण करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञानेच नंतर सांगितले. १९९४ च्या क्राकूव येथील न्यायवैद्यक तपासणीत कोठड्यांच्या अवशेषांत सायनाइडची संयुगे मिळाली.

व्हाइट यांच्या भूमिकेला उत्तर म्हणून एवढेच म्हणावेसे वाटते : घटनांची गुंफण शोकात्म करावी की उपरोधात्म, ही निवड लेखकाची असू शकेल, टिपणात 'हाबेन' आहे की 'यूडेन', ही निवड कोणाचीच नाही. पहिल्या पातळीवरील स्वातंत्र्याचा दाखला देऊन दुसऱ्या पातळीवर सवलत मागता येत नाही.

ज्याँ-फ्रान्स्वा ल्योतार यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथाची सुरुवातच फोरिसाँ यांच्या मागणीपासून केली आहे. वायूची कोठडी प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार हवा. पण ती आतून पाहिलेला मनुष्य जिवंत नाही. म्हणून कोठडी सिद्ध होत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडून तो सिद्ध करण्याचे साधनच हिरावले जाते, ही ल्योतार यांची मीमांसा मर्मग्राही आहे. तरीही तिच्या प्रभावाखाली, साक्षीदारच नव्हते असे आपण मानून बसता कामा नये. कोठड्यांच्या दाराशी राबविल्या गेलेल्या कैद्यांपैकी झाल्मन ग्रादोव्स्की यांनी यिद्दिश भाषेत लिहून शवदाहगृहाजवळ पुरून ठेवलेले लेखन १९४५ साली सापडले. ते स्वतः ऑक्टोबर १९४४ च्या उठावात मारले गेले. आपले लिखाण ज्याच्या हाती पडेल त्या अनोळखी वाचकाला त्यांनी संबोधिले आहे. फोरिसाँ मागत होते तो साक्षीदार होता. त्याचे लेखन वाचण्याची त्यांची तयारी नव्हती.

७

विश्वासार्हतेचे निकष म्हणून वरील विवेचनातून चार प्रश्न निघतात. गट आपल्या चुका स्वतः शोधतो काय? त्याचा संशय सर्व साधनांना सारखाच लागू होतो काय? त्याच्या चुका विखुरलेल्या आहेत की एकाच दिशेने जातात? आणि, प्रतिकूल पुरावा पुढे आला तर तो काय सोडतो : निष्कर्ष की पुरावा? या प्रश्नांसाठी लेखकाचा राजकीय पक्ष विचारावा लागत नाही. तो उत्तरांतून आपोआप दिसतो.

हे काम न्यायालयावर सोपवून मोकळे होता येणार नाही. फ्रान्सने १९९० साली नकाराला गुन्हा ठरविले. त्या कायद्याला विदाल-नाके यांनीच विरोध केला. सत्याला सरकारी शिक्का लागला की ते सरकारी सत्य वाटू लागते, ही त्यांची भीती होती. ऑस्ट्रियाने २००६ साली अर्व्हिंग यांना तुरुंगात धाडले, तेव्हा लिपस्टाट यांनीही त्या शिक्षेचे समर्थन केले नाही. बोलण्याचा अधिकार आणि विश्वास ठेवला जाण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिला कायद्याने मिळतो. दुसरा केवळ पडताळणीस उतरून मिळवावा लागतो. विदाल-नाके यांची भूमिका अशी की, नकारवाद्यांविषयी चर्चा करावी, त्यांच्याशी नव्हे. लंडनच्या खटल्याने तिला एक जोड दिली : त्यांच्या तळटीपा मात्र एकेक करून तपासाव्यात.

प्रत्यक्ष साक्षीदारांची पिढी आता सरत आली आहे. यापुढे दैनंदिन्या, टिपणे, वेळापत्रके आणि जमिनीत पुरलेली हस्तलिखिते यांनाच बोलावे लागेल, आणि ती वाचणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून राहतील. पाठ निश्चित करणे, संदर्भ पाहणे, प्रतींची परंपरा शोधणे ही आपल्या अभ्यासक्रमांत कंटाळवाणी मानली गेलेली कामे आहेत. परंतु 'हाबेन'ला 'यूडेन' होऊ न देण्याचे सामर्थ्य त्यांच्यातच आहे. फोरिसाँ साहित्याचे अध्यापक होते, याचे उत्तर साहित्याच्या अध्यापकांनी आपल्या वाचनानेच द्यावयाचे आहे.